हापिस माडीवर गेलं

संभाजीनगरहून परत आल्यापासून मला सगळे एकच प्रश्न विचारतात, "लेणी कशी होती?" शेजारच्या काकूंनी विचारला, मासेवालीनं माप थांबवून विचारला. मी प्रत्येकाला खरं तेच सांगते. वेरूळला जाण्याइतका वेळच मिळाला नाही, आणि अजिंठ्याच्या वाटेवर मी मधेच एका गावात उतरले ती उतरलेच. त्याऐवजी मी एका शाळेचा जिना पाहिला. त्या जिन्याबद्दल बोलायला लागले की माझं तोंड बंद होत नाही. शेवटी घरच्यांनी सुचवलं, लिहून काढ एकदाचं, म्हणजे आम्ही सुटू.

गेले होते कामाला. मी रत्नागिरीच्या बाजूची, विशेष मुलांना शिकवणारी. तिकडच्या एका संस्थेनं मुख्याध्यापकांसाठी प्रशिक्षण ठेवलं होतं. ज्या मुलांना चालायला, ऐकायला, शिकायला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात ती नेहमीच्या शाळेत नीट शिकावीत, म्हणून मुख्याध्यापकांनी काय करायचं, हा विषय. अशा प्रशिक्षणांत आजवर मी शिक्षकांनाच शिकवत आले. शिक्षक बिचारे मान डोलावतात, वहीत लिहून घेतात आणि शेवटी म्हणतात, "सगळं पटलं, पण आमचे सर ऐकायला हवेत ना." वर्ग कुठल्या खोलीत भरणार, कुणाला कुठला वर्ग मिळणार, हे मुख्याध्यापक ठरवतात. म्हणजे इतकी वर्षं मी सुनेला समजावत होते आणि घरात चालत होतं सासूचं. आता सासूच समोर बसणार म्हटल्यावर मला कोण आनंद झाला. त्या आनंदाच्या भरात मी बॅगेत तक्ते भरले, कोकमं भरली, तळलेले फणसाचे गरे भरले आणि स्वेटर विसरले.

गुलमंडी

आमच्याकडे थंडी म्हणजे रात्री पंखा एकवर ठेवायचा. तिथे सकाळी बसमधून उतरले आणि दात वाजायला लागले. न्यायला लोखंडे मॅडम आल्या होत्या. या त्या भागातल्या फिरत्या विशेष शिक्षिका, म्हणजे आज या गावची शाळा, उद्या त्या गावची, असं दिवसभर स्कूटीवर हिंडणाऱ्या. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, हसऱ्या, आणि अंगात अशी ताकद की माझी बॅग त्यांनी हातातून जवळजवळ हिसकावलीच. मी ओढते, त्या ओढतात, असं आमचं स्टँडवर चाललेलं. "राहू द्या मॅडम, तुम्ही पाहुण्या," त्या म्हणाल्या. हे वाक्य मला पुढे इतक्यांदा ऐकायचं होतं की बॅग तेव्हा मी मुकाट्यानं सोडली यातच शहाणपण होतं.

रिक्षावाले चाचा माझा कुडकुडणारा अवतार आरशातून बघत होते. "मॅडम, सेटर नै लाये? इधर की थंडी को हल्के में नै लेना," असं म्हणून त्यांनी दुकानं उघडायच्या वेळी आम्हाला गुलमंडीवर सोडलं. मला अशा बाजारात सोडलं की माझी थंडी निम्मी पळते. कापडाची दुकानं नुकती उघडत होती, गाद्या झटकल्या जात होत्या. एका दुकानात मी एका शालीसाठी अशी घासाघीस केली की शेवटी दुकानदारच म्हणाला, "ताई, घ्या आणि जा, माझी बोहनी व्हायचीय." विजयी मुद्रेनं शाल पांघरून मी बाहेर आले.

मग इमरती खाल्ली. दिसायला जिलबीची थोरली बहीण, पण उडदाच्या डाळीची, आत पाकानं गच्च भरलेली. कढईतून निघालेली, बोट भाजणारी इमरती त्या थंडीत उभ्यानं खाणं म्हणजे काय सुख आहे हे ज्यानं खाल्लं त्यालाच कळावं. लोखंडे मॅडम मात्र हातात कागद धरून नुसत्या उभ्या. मी दुसरी संपवल्यावर त्यांनी पहिली तोंडाला लावली. पाहुणीच्या आधी कशी खाणार?

सभागृह

थेट विषयाला हात घालायची घाई असलेल्या माणसानं मराठवाड्यात उद्घाटनाला जाऊ नये. आधी दिवा, मग प्रास्ताविक, मग सत्कार, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचे सत्कार. मला एकापाठोपाठ एक अशा शाली मिळाल्या. शेवटची खांद्यावर पडली तेव्हा आतली गुलमंडीची शाल कानात कुजबुजत होती, की बाई, थोडा धीर धरला असता तर. शालीबरोबर नारळही. मी कोकणातून आलेली, आमच्या अंगणात नारळ पडतो तर डोकं वाचवत चालावं लागतं, आणि इथे मी दोन्ही हातांत नारळ धरून फोटोसाठी हसत उभी.

पण एकदा काम सुरू झालं आणि मी सगळं विसरले. समोर तालुक्यातालुक्यांतून आलेले मुख्याध्यापक. बहुतेक शेतकरी घरातले, सकाळी कापसाचं माप घालून मग शाळा गाठणारे. बोलायला मोकळे, विनोदाला पक्के. मी त्यांना कागद दिले आणि म्हटलं, आपापल्या शाळेचा नकाशा काढा. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी फिरून बघते तर काय, जवळजवळ प्रत्येकानं आधी हापिस काढलेलं. दर्शनी बाजूला, मोठ्ठं, कुणी कुणी तर आत टेबलसुद्धा. मग झेंड्याचा खांब. मग वर्ग, उरलेल्या जागेत. मी हे मोठ्यानं सांगितलं तेव्हा सभागृहात जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. एक सर म्हणाले, "मॅडम, चोरी पकडली तुम्ही."

"आता त्यात ते मूल दाखवा, ज्याच्यासाठी आपण इथे आलोय," मी म्हटलं. "दिवसभर ते नेमकं कुठं बसतं?"

तेव्हा सोनवणे सर उठले. सिल्लोडच्या पुढच्या एका गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक, पांढऱ्या मिशा, स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा, आवाज असा मऊ की सगळे आपोआप गप्प झाले. "माझ्या शाळेत शीतल नावाचं एक लेकरू आहे," ते म्हणाले. "चौथीला. मेंढपाळाघरची. जन्मताच मेंदूला इजा झाली, पाय ताठ राहतात, बोलणं थोडं सावकाश. चौथीचा वर्ग माडीवर. लेकराला जिना चढवत नाही. मग मी काय केलं, तिला माझ्या हापिसात माझ्या शेजारी खुर्ची टाकून दिली. साहेब आले तरी तिची खुर्ची हलत नाही. शाळेची घंटा तीच वाजवते. चहा आला की पहिला कप तिचा, डबा उघडला की पहिला घास तिचा. आमच्याकडं लेकरू देवाघरचं समजतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या सरांनी डोळे पुसले. मीही टाळ्या वाजवल्या, चांगल्या दणदणीत. एकट्या लोखंडे मॅडम मागे उभ्या राहून तक्त्यांच्या गुंडाळ्या करत होत्या.

पाहुणीचं ताट

रात्रीचं जेवण लोखंडे मॅडमच्या घरी. येसराची आमटी मी पहिल्यांदा खाल्ली. डाळी-धान्यं भाजून दळलेलं ते खमंग पीठ, त्याची झणझणीत आमटी आणि ज्वारीची पातळ भाकरी. पहिल्या घासाला नाकातून पाणी आलं आणि दुसऱ्या घासाला मी आणखी मागितली. अन्नाला नावं ठेवायला जागा नाही. पण जेवले मी एकटी. बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर, समोर टेबल, टेबलावर ताट. मॅडमचे सासरे अदबीनं बाजूला उभे, एक नणंद वाढायला. बाकी सगळ्या बायका आत स्वयंपाकघरात, आणि तिथून हसण्याचे असे आवाज येत होते की मला राहवेना. मी म्हटलं, "मी आत येते ना." सगळे घाबरले. "छे छे, तुम्ही बसा. पाहुण्या तुम्ही."

आमच्याकडे उलटं. पाहुणा आला की त्याला पाणी आणि गूळ, आणि तो जरा विसावला की हातात खवणी. "बसल्या बसल्या एवढा नारळ खवून दे." मग खवता खवता सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या. तासाभरात पाहुणा घरचा होतो आणि आईची बोलणीही खातो. इथे मला नैवेद्य दाखवल्यासारखं वाढलं जात होतं. इतकं प्रेमानं, की तक्रार करायलाही लाज वाटावी. आत पुन्हा हशा झाला. मी मान वळवून त्या दाराकडे बघितलं, आणि भाकरीचा तुकडा हातातच राहिला. मला ती खुर्ची आठवली. सोनवणे सरांच्या शेजारची.

ताट बाजूला सारून मी लोखंडे मॅडमना हाक मारली. "तुम्ही टाळ्या का नाही वाजवल्या?"

त्यांनी आधी सासऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, शीतलला अजून नीट वाचता येत नाय. डोकं लई तल्लख हाय तिचं. पण शिकवणार कोण? मी आठवड्यातून एकदा जाते. बाकीचे दिवस ती खुर्चीवर बसते, चहा पिते, घंटा वाजवते. सरांना हजार कामं, मधूनमधून पाढे घेतात, झालं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगू? माझ्या वडलांच्या वयाचे आहेत. आणि तालुक्यात त्यांच्याइतका चांगला माणूस दाखवा मला. वाईट माणसाला बोलता येतं मॅडम. चांगल्या माणसाला काय म्हणायचं?" मग हळूच म्हणाल्या, "आणि सर या मे महिन्यात रिटायर होऊ राहिले."

मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. खुर्ची सरांची होती. सर गेले की खुर्ची गेली.

सिल्लोडच्या रस्त्यानं

दुसऱ्या दिवशी सगळे मुख्याध्यापक आपापल्या शाळेत, आणि आम्ही दोघी काही शाळा बघायला. मी हट्टानं सोनवणे सरांची शाळा आधी घ्यायला लावली. सकाळचं ऊन, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधेच मक्याच्या कणसांचे पिवळे ढीग. मला एवढं मोकळं, सपाट रान बघायची सवय नाही. आमच्याकडे दहा पावलांवर डोंगर आडवा येतो. इथे नजर सुटली की सुटलीच. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसले होते आणि थंड वाऱ्यानं कान बधिर झाले तरी आत घेत नव्हते.

गावाच्या अलीकडे गाडी थांबली. रस्ताभर मेंढरं. पुढे मेंढरं, मागे मेंढरं, एक तर आमच्या चाकाला अंग घासत उभं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, त्याचा काडीचा उपयोग नाही. लोखंडे मॅडम हसायला लागल्या. "अहो, हे बिरूभाऊ. शीतलचे वडील."

डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. गाडीजवळ येऊन त्यांनी रामराम घातला. कोकणातनं मॅडम आल्यात शीतलच्या शाळेसाठी, हे कळल्यावर गडी खुलला. "लई भाग्य लेकराचं. सरांनी खुर्ची देली तिला, खुर्ची. आमच्या सात पिढ्यांत कुनी खुर्चीवर बसलं नाय."

"आणि पुढं?" मी विचारलं. "सर रिटायर झाल्यावर?"

त्यांचा हात समोरच्या मेंढराच्या पाठीवर फिरत राहिला. "सर हायेत तवर शाळा. मग कोन सांभाळनार तिला? दुसऱ्या मानसाला काय पडलंय, बाई? घरीच ठिवू. तिची माय हाय, मी हाय." मग काठी उचलून त्यांनी तोंडानं कसलासा आवाज काढला आणि सगळा कळप एका बाजूला सरकला. आमची गाडी पुढे निघाली. मी डोकं आत घेतलं.

जिन्याखाली

शाळा नीटनेटकी, अंगणात कडुनिंब, झाडांना चुन्याचे पट्टे. खाली हापिस आणि लहान वर्ग, बाजूनं अरुंद उंच जिना, वर तिसरी-चौथी. अर्थात आधी सत्कार. आणखी एक शाल, आणखी एक नारळ. मग मला हापिसात खुर्चीवर बसवलं. आणि शेजारच्या खुर्चीवर शीतल.

दोन वेण्या, लाल रिबिनी, डोळे चपळ. पाय खुर्चीवरून ताठ पुढे आलेले. आम्ही दोघी मानाच्या पाहुण्या शेजारी शेजारी. समोर टेबल, भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरी, कपाटात ढाली. सर कामासाठी बाहेर गेले आणि आम्ही नुसत्या एकमेकींकडे बघत बसलो. तेवढ्यात वर माडीवर सगळा वर्ग खो खो हसला. शीतलनं पटकन छताकडे बघितलं. कालची मीच.

"काय झालं असेल गं वर?" मी विचारलं.

"पवननं कायतरी केलं आसंल," ती सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली. "शेख मॅडम आता रागवतीन. मग तो मागच्या बाकावर जाईन. तिथं चिंचोके खेळत्यात."

वरून खरंच शेख मॅडमचा आवाज आला, "पवन, चल पीछे." मी शीतलकडे बघतच राहिले. खाली बसून ती आख्खा वर्ग कानानं बघत होती.

"तुला जायचंय वर्गात?"

तिनं दाराकडे बघितलं. सर नाहीत याची खात्री केली. "मागच्या बाकावर," ती म्हणाली. आणि लगेच, "सरांना नका सांगू. त्यांना वाईट वाटंल."

मी तशी तापट बाई आहे. अन्याय दिसला की आधी बोलून मोकळी होते आणि मग निस्तरत बसते. पण इथे बोलायचं कुणाला? या लेकराला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं, म्हणून तिचे पाय कुठेच टेकत नव्हते.

दुपारची घंटा झाली. ती शीतलनंच वाजवली, खुर्चीवर बसून, दोरी ओढून. वरची पोरं धडाधडा जिना उतरली, ओट्यावर रांगेनं बसली आणि खिचडी वाढायला सुरुवात झाली. माझ्यासाठी हापिसात ताट आलं. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, लाल मिरचीचा ठेचा, वर तूप. सरांनी आपला डबा उघडून शीतलपुढे सरकवला. बाहेर नुसता कलकलाट. मी ताट उचललं आणि उभी राहिले.

"सर, मी बाहेर पोरींमधे बसते."

सर गडबडले. "मॅडम, आमच्याकडं पाहुण्याला असं ओट्यावर नाही बसवत."

"मग मी पाहुणी नाही, सर," मी म्हटलं आणि निघाले.

दारापर्यंत पोचते तोच मागून आवाज आला. "मी बी येते."

सर नेहमीसारखे तिला उचलायला पुढे झाले. "थांबा सर," शीतल म्हणाली. खुर्ची सरकली. तिनं एक हात भिंतीला लावला, दुसऱ्या हातानं माझी ओढणी धरली. माझ्या एका हातात ताट, भाकरी हळूहळू निसटतेय, आणि आमची वरात भिंतीकडेनं चाललेली. उंबऱ्याशी तिचा पाय अडकला आणि ती खालीच बसली. सर धावले. मला वाटलं, संपलं. पण तिनं मान हलवली. "येते मी," आणि बसल्या बसल्याच उंबरा ओलांडून सरकत ओट्यावर. आख्खी शाळा खिचडीचा घास हातात धरून बघत होती. एका मुलीनं नुसतं सरकून जागा केली आणि म्हणाली, "ये, हितं." शीतलनं तिच्या ताटात बघितलं. "मला खिचडी पायजे."

त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात मी माझं पिठलं कधी गमावलं ते मला कळलं नाही. पोरींनी ताट लुटलं. शीतलनं शेजारणीच्या खिचडीतला बटाटा पळवला, शेजारणीनं तिला ढोसलं, शीतलनं परत ढोसलं. मला इतका आनंद झाला की सत्काराचा नारळ मी हापिसातून आणून तिथेच पायरीवर आपटला. आमच्या हाताला सवय असते, एका फटक्यात फुटला. पाणी पवनला दिलं, खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना. शेख मॅडम म्हणाल्या, "मॅडम, आज तो आपने ईद कर दी."

मग मी मागे वळून बघितलं. हापिसाच्या दारात सोनवणे सर उभे होते. त्यांचा डबा टेबलावर तसाच उघडा. ते रागावलेले नव्हते. तसे असते तर मला सोपं गेलं असतं.

निघताना ते गाडीपर्यंत आले. "मी मे महिन्यात रिटायर होतोय मॅडम. तोवर तरी माझ्याजवळ राहू द्यायचं होतं लेकराला."

"म्हणूनच, सर," मी म्हटलं. आणि गाडीत बसले. गाडीत लोखंडे मॅडमनी माझा हात घट्ट धरून ठेवला.

टाळ्या परत

तिसऱ्या दिवशी सभागृहात मला धाकधूक होती, सोनवणे सर येतात की नाही. आले. उशिरा, तोच पांढरा सदरा, पण बाहीला चुन्याचे डाग. मी "काय ठरवलंत?" असा विषय काढला आणि ते हात वर करून उभे राहिले.

"परवा तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या," ते म्हणाले. "त्या परत घ्या."

बाही झटकून ते पुढे बोलू लागले.

"लेकरू खाली, वर्ग माडीवर. लेकराला जिना चढवत नाही हे मला दिसलं. वर्ग जिना उतरू शकतो हे नाही दिसलं. वर्ग हापिसात मावंल का, हा विचारच कधी डोक्यात आला नाही. हापिस म्हणजे हापिस. मॅडमनी नकाशा काढायला लावला तवा मीही आधी हापिसच काढलं होतं. काल संध्याकाळी गावातली चार माणसं बोलावली. टेबल वर नेलं, कपाट वर नेलं, तसबिरी नेल्या. चौथीचे बाक खाली आणले. हापिस आता माडीवर आहे."

मागून एक सर मिस्किलपणे म्हणाले, "आन साहेब तपासणीला आले तर? जिना चढायचा त्यांनी?"

"चढतील की," सोनवणे सर म्हणाले. "त्यांचे पाय धड आहेत."

या वेळी लोखंडे मॅडमनी सगळ्यात आधी टाळी वाजवली. मग काय झालं ते सांगताना मला आजही उत्साह आवरत नाही. त्या दिवशीचा माझा अर्धा कार्यक्रम मी गुंडाळून ठेवला, कारण सगळे नकाशे पुन्हा काढायला बसले होते. कुणी खोल्या बदलत होतं, कुणी शेजारच्या शाळेच्या सरांशी भांडत होतं की तुझ्या ओट्याला उतार का नाही. जेवणाची वेळ टळली तरी कुणी उठेना. त्या संध्याकाळी लोखंडे मॅडमच्या घरी मी सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि पाटावर बसले. सासूबाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग लसणाची गड्डी माझ्यापुढे टाकली. "सोला," त्या म्हणाल्या.

अजिंठ्याच्या वाटेवर

शेवटच्या दिवशी लेणी बघायचं ठरलं होतं. गाडी त्याच रस्त्यानं जाणार, म्हटलं, जाता जाता पाच मिनिटं शाळेत डोकावू. एव्हाना वाचकांनी ओळखलं असेल, ती पाच मिनिटं कशी गेली.

कुणाला न कळवता गेल्यामुळे सत्कार टळला. मी हळूच पूर्वीच्या हापिसाच्या खिडकीशी गेले. आत चौथी भरली होती. तसबिरींच्या जागी भिंतीवर चौकोनी पांढरे डाग, त्यांवर कुणी पाढ्यांचे तक्ते लावलेले. फळ्यासमोर शेख मॅडम, हातात खडू. मी पुढच्या बाकावर शीतलला शोधलं, दिसेना. मधे नाही. मग दिसली. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, पवनच्या शेजारी. बाकाखाली दोघांचे हात. चिंचोके.

तिनं काहीतरी कुजबुजलं आणि पवन फिसकन हसला. शेख मॅडम गर्रकन वळल्या. "शीतल! कितनी बडबड करती है. चल, उठ. खडी रह."

शीतल हातांनी बाक धरून, हिसके देत, पाय सावरत उठायला लागली. वेळ लागला. मॅडमनी मदत केली नाही आणि नजरही हटवली नाही. शेवटी ती उभी राहिली, बाकाला गच्च धरून, लाल रिबिनींसकट. तेवढ्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली. आवाज माडीपर्यंत गेला असणार. सोनवणे सर घाईघाईनं, कठडा धरून उतरत होते, चष्मा कपाळावर तसाच.

मधल्या पायरीवरून त्यांना दारातून आतलं दिसलं. शीतल सगळ्या वर्गासमोर शिक्षा म्हणून उभी होती, आणि ओठ दाबून हसू आवरत होती. त्यात पवननं खालून तिला ढोसलं.

सर थांबले. कठड्यावरचा हात त्यांनी काढला, परत ठेवला. त्यांनी मला बघितलं की नाही ते मला माहीत नाही. मग ते वळले आणि सावकाश एकेक पायरी चढून वर गेले.